दोन हात, दोन पाय आणि एक श्वास

लंडन, फेब्रुवारी १६००

डावा हात पुढे करा. वीतभराहून थोडा लांब, बारीक लाकडी पावा तुम्हाला या एकाच हाताने पेलायचा आहे. खालचं टोक अनामिका आणि करंगळीत धरा. अंगठा मागच्या भोकावर, तर्जनी आणि मधलं बोट पुढच्या दोन भोकांवर. बस, भोकं संपली. या पाव्याला तीनच असतात. त्याच डाव्या हाताला वादीने एक लहानसा ढोल टांगा. त्याचं नाव ताबोर. त्याच्या चामड्यावरून आतड्याची एक तात ताणलेली आहे. काठी पडली की तीही झणझणते. ती काठी उजव्या हातात घ्या. आता पावा ओठांत धरा आणि चालायला लागा. नॉरिच शहर इथून शंभर मैलांहून जास्त दूर आहे आणि वाजवत वाजवतच तिथे पोचायचं आहे.

तुमचं नाव टॉमस स्लाय. धंद्याने तुम्ही ताबोरवादक आहात. ज्याच्यासाठी वाजवायचं तो विल केम्प तुमच्या शेजारी उभा आहे, गुडघ्यांखाली घुंगरांच्या पट्ट्या आवळतोय. केम्प म्हणजे लंडनच्या रंगभूमीवरचा सगळ्यात नावाजलेला विदूषक. शेक्सपिअरच्या नाटक मंडळीत तो अगदी परवापर्यंत होता. आता त्याने पैज लावली आहे : लंडन ते नॉरिच नाचत जाईन. नाचायचे दिवस नऊ, मध्ये हवी तेवढी विश्रांती. सोबत विल्यम बी नावाचा नोकर आहे आणि जॉर्ज स्प्रॅट नावाचा पंच. केम्प कुठे नुसता चालत तर नाही ना, हे बघायचं काम या पंचाचं.

ख्रिस्ती उपवासकाळातला पहिला सोमवार. लॉर्ड मेयरच्या घरापासून निघालात. लोकांनी रस्ते भरले आहेत. सगळ्यांचे डोळे केम्पच्या पायांवर आहेत. तुमच्याकडे कोणी बघत नाही, पण तुम्ही थांबलात तर तो पायही थांबतो.

तीन भोकांतून सप्तक कसं काढायचं, हे आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाव्याची नळी मुद्दाम बारीक ठेवलेली असते. अशा नळीत फुंकर जरा कडक केली की सूर वर उडी मारतो. तिन्ही भोकं झाकून फुंका, तो तुमचा सा. एक भोक उघडा, रे. दुसरं उघडा, ग. तिसरं उघडा, म. आता बोटं संपली. मग तिन्ही भोकं पुन्हा झाका आणि फुंकर आणखी कडक करा. सूर उडी मारून थेट पंचमावर जाऊन बसतो. तिथून पुन्हा एक बोट उचललं की ध, दुसरं उचललं की नी. पुन्हा सगळं झाकून आणखी जोर लावा, वरचा सा. म्हणजे बासरीवाला जे काम सहा बोटांनी करतो, त्यातलं निम्मं तुम्ही फुंकरीवर सोपवलंत. उजवा हात रिकामा झाला. त्या रिकाम्या हाताने तुम्ही एक तालवादक नोकरीला ठेवलात, बिनपगारी.

ही युक्ती तुमची नाही. तुमच्याआधी तीनशेहून अधिक वर्षं, कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या दरबारात तयार झालेल्या गीतसंग्रहाच्या हस्तलिखितात पावा-ताबोरवाले चितारलेले आहेत. आणि अवघ्या अकरा वर्षांपूर्वी, १५८९ मध्ये, फ्रान्समधल्या लांग्र गावच्या एका धर्मगुरूने त्वान्वा आर्बो या टोपणनावाने नृत्यावरचं पुस्तक छापलं. त्यात या जोडीचं कारण त्याने सरळ सांगून टाकलं आहे : एकच वादक दोन्ही वाद्यं वाजवतो, म्हणजे बाकीच्या वाजवणाऱ्यांचा खर्च वाचतो. लग्नघरी नाच तर हवा, पण चौघांना जेवू घालायची ऐपत नाही, तिथे तुम्हाला बोलावणं येतं.

तर वाजवत राहा. इल्फर्ड मागे पडलं, रॉमफर्ड, ब्रेंटवूड मागे पडलं. चेम्सफर्डला गर्दी एवढी की सराईच्या दारात शिरणं मुश्कील. तिथे चौदा वर्षांची एक मुलगी हट्टाने पुढे येते आणि केम्पबरोबर तासभर नाचते. तो तासभर फुंकर तुमची चालली आहे, हे विसरू नका. पुढे ब्रेनट्रीच्या वाटेवर चिखल आणि पाण्याने भरलेले खड्डे लागतात. केम्प उड्या मारत पार होतो. तुमच्या दोन्ही हातांत वाद्यं आहेत, तोल सावरायला हात मोकळा नाही. तेव्हा पाय जपून टाका.

सडबरीला एक दांडगा खाटीक पैज घेतो : बरी गावापर्यंत मी साथ देतो. अर्ध्या मैलावर त्याचा दम संपतो. गर्दीतली एक गावरान पोरगी त्याला तोंडावर भित्रा म्हणते, घागऱ्याचा ओचा खोचते, केम्पच्या हातून पायांत घुंगरं बांधून घेते आणि मेलफर्डपर्यंतचा मैल नाचत काढते. बरीला बर्फ आडवं येतं, मुक्काम वाढतो. तुमच्या ओठांना तेवढाच आराम.

नॉरिचला स्वागताला शहराचे पगारी वादक उभे आहेत. सुषिर वाद्यं, व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं आणि गळा, तिन्हींत तयार असलेली ही मंडळी. केम्पने पुढे आपल्या पुस्तकात त्यांचं भरभरून कौतुक केलं. त्यांच्यासमोर तुम्ही एकटे, चिखलाने माखलेले, पण वाद्यवृंद तुमच्याकडेही आहेच. केम्पला महापौराकडून बक्षीस आणि वर्षासन मिळतं, त्याचे जोडे नगरभवनात टांगले जातात. तुम्हाला काय मिळतं? केम्पने त्याच वर्षी ही सगळी हकीकत छापली, तिच्या मुखपृष्ठावर एक लाकडी ठशाचं चित्र आहे. पुढे केम्प नाचतोय, मागे एक माणूस डाव्या हातात पावा आणि उजव्या हातात काठी घेऊन उभा आहे. ते तुम्ही.

घाटावरचं एक गाव, १८९० च्या सुमारास

पहाट. अजून दिसायला लागलेलं नाही. डोक्यावर मोरपिसांची निमुळती टोपी, अंगात घोळदार अंगरखा, कमरेला शेला, गळ्यात माळा, कपाळी गंध. एका हातात टाळ, दुसऱ्या हातात चिपळ्या, कमरेला खोचलेला पावा आणि पायांत घुंगरू. तुम्ही वासुदेव आहात आणि गाव जागं करायला निघाला आहात.

स्लायच्या आणि तुमच्या अंगात काय फरक पडला, तो आधी बघा. तिथे घुंगरू केम्पच्या पायांत होते, पावा-ताबोर स्लायच्या हातांत. दोन माणसांनी मिळून नाच आणि संगीत उभं केलं होतं. इथे नाचणाराही तुम्ही आणि वाजवणाराही तुम्हीच. शिवाय त्या दोघांनी न केलेलं तिसरं काम तुमच्या गळ्यावर आहे : तुम्हाला गायचं आहे.

आता वाटणी करून घ्या. चिपळीच्या एका लाकडाच्या कडीत अंगठा, दुसऱ्याच्या कडीत बोटं. मूठ मिटली की लाकडावर लाकूड आपटतं आणि मधल्या झांजांचा खुळखुळाट होतो. चिपळी बारीक लयीचं काम बघते. टाळ मोठ्या ठोक्याचं. पायांना वेगळं काही सांगायची गरज नाही, चालणं हाच त्यांचा ठेका. चाल मंद केली की घुंगरू मंद. गिरकी घेतली की तेच घुंगरू एकदम दाटून येतात आणि आतल्या खोलीत निजलेल्यालाही कळतं की वासुदेव आपल्या अंगणात आला.

राहिला पावा, आणि इथे पहिल्यांदा तुमची अडचण होते. गाणं आणि पावा ही दोन्ही कामं एकाच श्वासाची आहेत. हातांचे दोन वादक होतात, पायांचा तिसरा होतो, पण तोंडाला एका वेळी दोन कामं सांगता येत नाहीत. म्हणून पावा कमरेला खोचलेला असतो. कडवं संपलं, गळ्याला विसावा हवा असला की तो बाहेर निघतो. तेवढ्यापुरतं एका हाताचं काम थांबतं, दोन-चार फुंकरा होतात, पावा पुन्हा कमरेला. ऐकणाऱ्याला वाटतं, वासुदेव मजेत आला म्हणून पावा वाजवला. खरं म्हणजे तुम्ही गळ्याला सुट्टी दिलीत आणि ती कोणाच्या लक्षात येऊ दिली नाहीत.

"वासुदेव आला गं, सूप आण," आतून म्हातारीचा आवाज येतो. सून सुपातून जोंधळे घेऊन उंबऱ्याशी येते. ओंजळभर धान्य झोळीत पडतं आणि तुम्ही दान पावल्याची ग्वाही द्यायला लागता : पंढरीच्या विठोबाला पावलं, जेजुरीच्या खंडोबाला पावलं, तुळजापूरच्या भवानीला पावलं. गावोगावच्या दैवतांची ही यादी तुम्हाला तोंडपाठ आहे. ती म्हणतानाही चिपळी थांबत नाही. घरच्या पूर्वजांची नावं सांगितली तर त्यांच्याही नावाने दान पोचवता.

तुमचं हे रूप एवढं जुनं आणि ओळखीचं आहे की ज्ञानेश्वर, नामदेव आणि एकनाथांनी वासुदेवावर रूपकं रचली. घरोघरी हिंडून झोपलेल्याला उठवणारा माणूस त्यांना आपल्या कामाचा वाटला असणार. पण संतांची रूपकं बाजूला ठेवून झोळीत डोकावा. एका घरचं धान्य एक ओंजळ. साथीला टाळकरी आणला असता तर ती ओंजळ अर्धी झाली असती. पावेवालाही आणला असता तर तिचे तीन वाटे. आर्बोने यजमानाच्या बाजूने केलेला हिशेब इथे वादकाच्या बाजूनेही तसाच सुटतो.

केंदुली, पौष संक्रांत

इथे फार थांबायचं नाही, पण येऊन जायलाच हवं. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, अजय नदीच्या काठी, कवी जयदेवाच्या नावाने भरणारी ही जत्रा बाउल गायकांची. थंडी आहे, शेकोट्या पेटल्या आहेत. उजव्या हातात एकतारी उचला. ज्या हाताने धरायची त्याच हाताच्या तर्जनीने तार छेडायची. म्हणजे डावा हात मोकळा. कमरेला एक लहान डुग्गी बांधलेली आहे, डावा हात तिच्यावर. पायांत घुंगूर. गळा गाण्याला.

वासुदेवाकडे नसलेली एक गोष्ट तुम्हाला इथे मिळाली : सतत वाजणारा आधारसूर. एकतारी षड्ज धरून ठेवते, गळा त्याच्याभोवती हवा तसा हिंडतो. आणि कंबर, जी वासुदेवाकडे नुसती खुंटी होती, ती इथे वाद्याची तिवई झाली. शरीराचा जो भाग स्वतः वाजवू शकत नाही त्यानेही निदान वाद्य धरावं, हा या विद्येचा एक नियम.

ओकलंड, कॅलिफोर्निया, १९५५ च्या सुमारास

आता बसा. इतका वेळ तुम्ही चालत किंवा नाचत होता, त्यामुळे पायांना चालीपलीकडचं काम देता येत नव्हतं. खुर्चीत बसल्याबरोबर दोन नवे वादक हाती लागतात.

तुम्ही जेसी फुलर आहात. जन्म १८९६ चा, जॉर्जिया राज्यातल्या जोन्सबरोचा. मिळेल ती कामं करत तुम्ही पश्चिमेला आलात. हॉलिवूडमध्ये बूटपॉलिश केलं, नट डग्लस फेअरबँक्सच्या ओळखीने 'थीफ ऑफ बगदाद' या १९२४ च्या मूकपटात किरकोळ काम केलं, मग सदर्न पॅसिफिक रेल्वेत वर्षानुवर्षं राबलात. पन्नाशी उलटल्यावर ठरवलंत की आता गाण्यावर पोट भरायचं. पण साथीला भरवशाचे वादक मिळेनात. हा म्हणतो येतो आणि येत नाही, तो येतो पण उशिरा. म्हणून तुम्ही बँड घरीच बांधायला घेतलात.

हातांत बारा तारांची गिटार आहे. दोन्ही हात तिच्यातच संपले. गळ्यात तारेची चौकट अडकवली आहे, तिच्यावर हार्मोनिका आणि कझू, म्हणजे गुणगुणून वाजवायची नळी. चौकट ही मोठी सोय; तोंडाने वाजवायचं वाद्य हातांनी धरावं लागत नाही, ते आपणहून ओठांपुढे उभं असतं. एका पायाखाली झांजांचं पेडल. आणि दुसऱ्या पायाखाली तुमची स्वतःची निर्मिती, फोटडेला.

फोटडेला जवळून बघा, कारण असं वाद्य बाजारात मिळत नाही. उभी लाकडी पेटी, वर डबल बासच्या मानेसारखा वळलेला भाग. तिच्यावर पियानोच्या सहा जाड तारा ताणलेल्या. खाली पेडलांची रांग. पायाच्या बोटांनी पेडल दाबलं की एक गादी लावलेला हातोडा तारेवर पडतो आणि खर्जातला सूर घुमतो. सहा तारा म्हणजे सूरही मोजकेच. तेव्हा गाणं कोणत्या पट्टीत म्हणायचं ते निवडताना तुमच्या गळ्याबरोबर तुमच्या पायालाही विचारावं लागतं.

आता सुरू करा. गिटारची दोन आवर्तनं, त्याखाली पायाचा खर्ज, दुसऱ्या पायाच्या झांजा. गायला लागा. ओळ संपली की मान जराशी पुढे, ओठ हार्मोनिकावर. पुढची ओळ गा. मग कझू. वासुदेवाची अडचण इथेही आहेच : तोंड एक आणि त्याला कामं तीन. पण पावा काढायला त्याचा एक हात थांबत होता. तुमचं काहीच थांबत नाही. गाणं, हार्मोनिका आणि कझू आळीपाळीने येतात आणि हातापायांचे चौघे खाली वाजत राहतात.

हे सगळं जमायला हातापायांना एकमेकांचा विसर पडावा लागतो. पाय खर्जात ठोका देत असताना अंगठा गिटारीवर त्याच्या मध्ये पडायला हवा. मनात आकडे मोजत बसलात तर गाण्याचे शब्द विसराल. म्हणून एकेक अवयव वेगळा तयार करायचा, इतका की तो विचारल्याशिवाय चालला पाहिजे. मग मन फक्त गाण्याकडे.

१९५४ मध्ये तुम्ही 'सॅन फ्रान्सिस्को बे ब्लूज' लिहिलंत. सगळा पसारा गाडीत घालायचा आणि एकट्याने कार्यक्रमाला जायचं. लोक तुम्हाला 'लोन कॅट' म्हणतात. तुमची ही गळ्यातली चौकट बघणाऱ्यांत एक कोवळा पोरगा आहे, बॉब डिलन. १९६२ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका येते आणि तिची सुरुवातच तुमच्या एका गाण्याने होते. तुमचं बे ब्लूज तर १९९२ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या 'अनप्लग्ड' या ध्वनिमुद्रिकेतून जगभर जाणार आहे; ते ऐकायला मात्र तुम्ही नसाल, १९७६ मध्ये तुम्ही गेलेले असाल. आणि १९६७ च्या शेवटी आलेल्या डिलनच्या 'जॉन वेस्ली हार्डिंग' या तबकडीचं वेष्टन पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंना पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे बंगालचे दोन बाउल उभे आहेत. ओकलंडची खुर्ची आणि केंदुलीची शेकोटी या दोन टोकांना माहीत असलेला माणूस एकच होता, हा केवळ योगायोग असेल. पण एकट्याने गाणाऱ्याला एकट्याने गाणारे सापडतातच.

लंडन, १९६८

पुन्हा लंडन, पुन्हा रस्ता, पण यावेळी नऊ दिवसांचा प्रवास नाही. 'एकट्याचा बँड' म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते इथे आहे. पाठीवर मोठा ढोल, हातांत गिटार, तोंडापुढे हार्मोनिका आणि कझू. ढोलाचा टोला टाचेला बांधलेल्या दोरीतून येतो. पाय झटकला की दोरी ताणते आणि पाठीवर धम्म होतं.

तुम्ही डॉन पार्ट्रिज आहात, रस्त्यावर गाऊन पैसे मिळवणारे. या वर्षी तुमचं 'रोझी' हे गाणं ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढतं. काल टोपीत नाणी पडत होती, आज रेडिओवर वाजता आहात. फुलरच्या खुर्चीपेक्षा हा साज गरीब आहे. पाठीवरच्या ढोलाला सूर नाही, फक्त ठोका आहे. पण तो अंगावर घेऊन हवं तिथे जाता येतं, पोलिसाने उठवलं तर पुढच्या कोपऱ्यावरही. खुर्ची घेतली की खर्ज मिळतो, ती सोडली की पुढचा रस्ता मिळतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

अमेरिकेतला एक जाझ क्लब, १९६० चं दशक

इथे अंधार आहे, आणि तुमच्या डोळ्यांपुढे तो नेहमीचाच. तुम्ही रोलंड कर्क, पुढे स्वतःला राहसान म्हणवणार आहात. जन्म १९३५ चा, ओहायोतल्या कोलंबसचा. दृष्टी अगदी लहानपणीच गेली. गळ्यातून तीन वाद्यं लोंबताहेत : टेनर सॅक्सोफोन, आणि दोन जुनी, बाजारातून उठलेली चमत्कारिक सॅक्सोफोन, ज्यांना तुम्ही मान्झेलो आणि स्ट्रिच म्हणता. शिवाय बासरी, शिट्टी, भोंगा. साथीला पियानो, बास, ड्रम असे सगळे आहेत. म्हणजे गरज म्हणून वाद्यं वाढवणाऱ्यांतले तुम्ही नाही. किशोरवयात तुम्हाला स्वप्न पडलं, त्यात तुम्ही तीन वाद्यं एकदम वाजवत होता. तेव्हापासून तोच आवाज तुम्ही शोधता आहात.

तिन्ही माउथपीस एकदम तोंडात घ्या. ओठ ताणून ते शेजारी शेजारी बसवा, कुठूनही हवा निसटता कामा नये. डाव्या हाताखाली एक सॅक्सोफोन, उजव्या हाताखाली दुसरा. त्यांच्या चाव्या तुम्ही फेरफार करून अशा बसवून घेतल्या आहेत की एका हाताने काम भागावं. तिसऱ्याचा एकच सूर लांबवर धरून ठेवायचा. फुंका. सॅक्सोफोनच्या तीन वादकांची ओळ एका छातीतून बाहेर पडते.

एवढ्या तीन नळ्यांना हवा पुरेल? इथे पुंगीवाल्या गारुड्याची विद्या कामी येते. गाल म्हणजे पखाल. श्वास संपत आला की गालांत साठवलेली हवा ओठांनी पिळून बाहेर काढायची आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास ओढायचा. सूर तुटत नाही. समोरचे श्रोते तुमच्यासाठी श्वास रोखून बसतात आणि तुम्ही मात्र आरामात श्वास घेत असता.

आता सॅक्सोफोन बाजूला ठेवा, बासरी घ्या. फुंकतानाच गळ्यातून आवाज काढा. कंठ हलतो, तीच हवा पुढे ओठांतून बासरीत जाते. बासरीचा सूर आणि तुमचा घोगरा आवाज एकदम ऐकू येतो. १९६१ च्या तुमच्या 'वी फ्री किंग्ज' या ध्वनिमुद्रिकेत हे ऐकायला मिळतं. पहाटेच्या त्या गावात वासुदेवाला गाणं थांबवून पावा काढावा लागत होता. ती भिंत तुम्ही पुरती पाडली नाहीत, शब्द काही नीट गाता येत नाहीत. पण तिला भोक पाडलंत.

टीकाकार म्हणतात, ही सर्कस आहे. त्यांना उत्तर द्यायला तुमच्याकडे एकच सॅक्सोफोन पुरेसा आहे. दोन वाद्यं खाली ठेवून एका टेनरवर वाजवलंत की जाणकारांना कळतं, याला वाद्यांच्या गर्दीमागे लपायची गरज नाही.

१९७५ च्या अखेरीला पक्षाघाताचा झटका येतो आणि अर्धं अंग लुळं पडतं. एक हात गेला. ज्याच्या दोन हातांत तीन वाद्यं होती, त्याच्याकडे आता एका वाद्यालाही पुरेसे हात नाहीत. तुम्ही वाद्यांत पुन्हा फेरफार करून घेता, एका हाताने वाजतील अशी, आणि पुन्हा मंचावर चढता. दौरे करता, ध्वनिमुद्रणं करता. ५ डिसेंबर १९७७ रोजी, इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनमध्ये, कार्यक्रम वाजवल्यानंतर, तुम्ही जाता. वय ४२.

तीन भोकांचा पावा ज्याने पहिल्यांदा बनवला त्याने दोन हातांचं काम एका हातात बसवलं, कारण दुसरा हात त्याला ढोलासाठी हवा होता. कर्कने तेच केलं, कारण दुसरा हात राहिलाच नव्हता. गरज वेगवेगळी, पण कारागिरीचा प्रश्न हुबेहूब तोच : हे काम कमीत कमी किती शरीरात बसेल?

आज, तुमच्या ओळखीचा रस्ता

आता स्वतःच्या अंगात परत या आणि हातपाय मोजून बघा. एकट्याने अनेक वाद्यं वाजवणाऱ्याला आपण गमतीदार म्हणतो, लहान पोरांना दाखवतो, मोबाइलवर अर्धा मिनिट टिपतो आणि पुढे जातो. यात दाद असते, पण ती कसरतीला दिलेली. स्लायने, वासुदेवाने, बाउलाने आणि फुलरने केलं ते कसरतीसाठी नाही. कोणाला साथीदार परवडत नव्हता, कोणाला मिळत नव्हता, कोणाला एका ओंजळीत दुसरा वाटेकरी नको होता. त्यांनी उणीव मोजली आणि ती स्वतःच्या अंगावर वाटून घेतली. कर्कचं कारण वेगळं होतं, पण शेवटी उणीव त्याच्याही दारात आली आणि तोही हाच हिशेब करत बसला.

म्हणून असा कोणी दिसला तर किती वाद्यं आहेत ते मोजून थांबू नका. कोणता हात कशासाठी मोकळा केला आहे ते बघा. श्वास कुठे घेतोय ते ऐका. गाणं थांबलं आणि पावा सुरू झाला, तर तो क्षण ओळखा. एवढं कळलं की कसरत दिसायची बंद होते आणि मांडणी ऐकू यायला लागते.

वासुदेव आता दारावर क्वचित येतो. वारीच्या वाटेवर, एखाद्या जत्रेत, नाहीतर सांस्कृतिक कार्यक्रमाच्या व्यासपीठावर दिसतो. दिसला तर थांबा. आणि झोळीत काही टाकायची वेळ आली की समोर माणूस एकच आहे म्हणून एकाचंच टाकू नका. टाळकरी, चिपळीवाला, पावेवाला, नाचणारा आणि गाणारा, असे पाच जण तुमच्यासमोर उभे आहेत. पाचांचं द्या.